नोव्हेंबरातला पाकाचा वास

मार्चमध्ये आमच्या सगळ्यांच्याच अंगाला मेपलच्या पाकाचा वास येतो. घरोघरी मेपलच्या झाडांचा रस उकळत असतो. केसांना, कपड्यांना, बाळांच्या दुपट्यांनाही तोच वास. म्हणून माझी धाकटी जाऊ मिनर्व्हा नोल्ट हिची पहिली दोन बाळं आठ-आठ दिवसांची असतानाच दगावली, तेव्हा त्यांच्या लंगोटांच्या गोड वासाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. दोन्ही मार्चमधली. आम्ही म्हणालो, देवाची इच्छा. मीही म्हणाले. त्याची मला आजही लाज वाटते.

तिसरा, टायटस, नोव्हेंबरात झाला. तिसऱ्या दिवशी त्याला छातीशी घेताना मिनर्व्हाने त्याचा कान हुंगला आणि मला हाक मारली.

"एडना, रस कोण उकळतंय गं?"

"या दिवसांत? वेड लागलंय का तुला?"

"मग हा वास कुठला?"

आमच्या ख्रिस्ती पंथाचे बिशप एलाम म्हणाले, प्रार्थना करा, वाट बघा. ती कसली बघतेय! आमच्या पंथात मोटार चालत नाही, म्हणून शेजारच्या मोटारवाल्याला उठवून तिने शहरातला डॉक्टर गाठला. तो गोड वास म्हणजे आमच्या घराण्यांतून रक्तात उतरणारं दुखणं निघालं. अशा बाळाला आईचं दूधसुद्धा बाधतं. डॉक्टरने वेगळं दूध दिलं. टायटस वाचला.

एवढ्यावर मिनर्व्हा गप्प बसली असती तर कुणी काही म्हणालं नसतं. पण ही आठवी शिकलेली बाई दर गरोदर बाईच्या दारात बग्गी उभी करायची. "बाळाचा कान हुंगायचा. कानातल्या मळाला तो वास आधी येतो. रोज हुंगायचा. लाजायचं नाही."

शेवटी बिशप तिच्या अंगणात आले.

"मिनर्व्हा, देवाने झाकलेलं उकरू नकोस. जाणून घ्यायची हाव हव्वेलाही नडली."

"हव्वेला देवासारखं व्हायचं होतं. मला पोराला काय पाजायचं तेवढंच हवं होतं."

"म्हणजे देवावर भरवसा नाही तुझा?"

"आहे म्हणून तर विचारते. ज्याच्यावर भरवसा नाही, त्याला कोण विचारायला जाईल?"

"रविवारी सगळ्यांसमोर गुडघे टेक आणि चूक कबूल कर. आणि हे दारोदार फिरणं बंद. नाहीतर मंडळीच्या यादीतून तुझं नाव जाईल."

तो रविवार पुन्हा मार्चमधलाच होता. सगळं प्रार्थनाघर पाकाने घमघमत होतं. टायटस माझ्या मांडीवर, चांगला गुटगुटीत. मिनर्व्हाने गुडघे टेकले.

"मी चुकले," ती म्हणाली. बिशपांचा चेहरा सैल पडला. "पहिल्या दोघांच्या वेळी मी काहीच विचारलं नाही. त्याची देवाजवळ क्षमा मागते. ती चूक पुन्हा करणार नाही, आणि इथल्या कुठल्याही आईला करू देणार नाही."

गुडघे टेकलेल्याला बिशपांनी हात देऊन उठवायचं, ही आमची रीत. हात काही पुढे येईना. ती तशीच, मान ताठ ठेवून.

प्रार्थनाघरात आम्ही बायका बोलत नाही. मी उठले, टायटसला कडेवर घेतलं, पुढे गेले आणि तिला हात दिला.

"ऊठ गं," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि बिशप, यादीतून नाव काढायचं असेल तर दोघींचं काढा."