सायलेन्सरला लावलेलं ठिगळ

एकोणीसशे साठच्या आगेमागे मी अमरावती ते अकोला टॅक्सी चालवत होतो. गाडी जुनी विलायती, तीन मालकांच्या हातून माझ्याकडे आलेली. रंग मीच दिला होता, म्हणून लांबून ती नवीकोरी वाटायची. वरून कीर्तन, आतून तमाशा. मागच्या सीटखालचा पत्रा गंजून गळून पडला होता आणि तिथे मी लाकडी फळ्या ठोकल्या होत्या.

त्या हिवाळ्यात तिचा सायलेन्सर बसला. आधी ती बडनेऱ्याकडच्या चढावर दम टाकू लागली. मग सपाटीलाही पाय कितीही दाबला तरी वेग धरेना. ओळखीचा मिस्त्री गाडीखाली शिरला आणि त्याने निदान केलं. सायलेन्सर आतून काजळीनं गच्च झाला होता, इंजिनाच्या धुराला बाहेर पडायला वाटच नव्हती. नवा मुंबईहून मागवायचा, म्हणजे महिनाभर तरी गेला. तोवर आम्ही ड्रायव्हर लोक करायचो तेच केलं. सायलेन्सर उतरवून पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या झाडांच्या, जाळात टाकला, काजळी जाळली, दांडक्यानं ठोकून झाडली. ठोकताना गंजका पत्रा फुटला. त्या भोकावर तेलाच्या डब्याचा पत्रा लावला, त्यावर चिखलात भिजवलेलं पोतं गुंडाळलं आणि वरून तार आवळली.

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "नवा येईपर्यंत काचा उघड्या ठेवजो. मांगं सवारी बसते, धूर कुठून घुसन काही सांगता येत नाही."

मी मान हलवली. ठिगळ लावल्यावर गाडी छान पळू लागली आणि त्याचं बोलणं मी कानाआड केलं.

माझी धाकटी बहीण तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे अमरावतीला आली होती. मुलगा झाला होता. सव्वा महिना उलटला आणि तिला अकोल्याला सासरी पोचवायचं ठरलं. सासरचे म्हणत होते, आगगाडीनं आणा, आम्ही स्टेशनवर येतो. मी म्हणालो, माझी गाडी असताना बहीण आगगाडीनं का जाईल? वडील लवकर गेले होते. तिच्या लग्नात मी काही धड देऊ शकलो नव्हतो. आता तिच्या सासरच्या दारात स्वतःच्या गाडीचा भोंगा वाजवायचा होता. हौस होती, आणि हौसेला मोल नसतं असं म्हणतात.

निघालो त्या सकाळी कडाक्याची थंडी होती. माय मागं बहिणीजवळ बसली. बहिणीचे कान बांधलेले, बाळ दुपट्यात गुंडाळून तिच्या मांडीवर. बसल्याबसल्या मायनं दोन्ही काचा वर चढवल्या आणि फटींत चिंध्या कोंबल्या. पुढच्या काचेकडे बोट दाखवून मला म्हणाली, "ते बी लाव बाबू. बाळंतिणीले वारा नाही लागला पाहिजे."

मला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. सगळी गल्ली निरोपाला उभी होती, सासरहून आलेला माणूस सामान चढवून मागाहूनच्या बसनं निघायच्या बेतात होता. तिथे माझी गाडी सडकी आहे हे कोणत्या तोंडानं सांगू? मी काच वर घेतली. माझ्या पायाशी पेडलच्या भोकांतून गार वारा येत होता, तेवढा मला पुरला.

मूर्तिजापूरपर्यंत माय बोलत होती. मग म्हणाली, डोकं ठणकून राहिलं. बहिणीला डुलकी लागली होती. बाळ तर निघाल्यापासून रडलंच नव्हतं. "कसं गुमान झोपून राहिलं पाह्य," माय म्हणाली, "मामाची गाडी मानवली त्याले." मी मनातून फुगलो. थोड्या वेळानं मायला मळमळलं, म्हणून तिनं तिच्या बाजूची काच वीतभर खाली घेतली, बाहेर ओकली आणि बरं वाटतं म्हणून ती तशीच राहू दिली. त्या वाऱ्यानं बहीण जागी झाली.

अकोल्याला सासूनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि दुपटं बाजूला सारलं. बाळाचे गाल गुलाबी होते. "कसा सफरचंदासारखा झाला," ती म्हणाली. मग तिनं गालाला हात लावला.

डॉक्टर आले, डोळे उघडून पाहिले, थंडी बाधून गेलं म्हणाले. घरातल्या बायकांनी मायला विचारलं, वाटेत काच उघडली होती काय? माय म्हणाली, "हो. म्याच उघडली." बहिणीनं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

माय आगगाडीनं पुढं गेली होती. परतताना मी रस्त्यात थांबून गाडीखाली गेलो. पोतं जळून गेलं होतं, पत्रा लोंबत होता. सीटखालच्या फळ्या खालून काळ्या झाल्या होत्या, धूर त्यांच्या फटींतून आत शिरत होता. मायनं ती काच उघडली नसती तर बहीणही गेली असती. तिथं मातीत पडल्या पडल्या मला हे कळलं, आणि आजच सांगायचं असं मी ठरवलं. घरी पोचलो तर माय भिंतीकडे तोंड करून निजली होती. उद्या सांगू म्हटलं.

तीन वर्षांनी बहिणीला दुसरा मुलगा झाला. या खेपेला ती बाळंतपणाला आली नाही, आम्हीच आगगाडीनं अकोल्याला गेलो. बहिणीच्या मनातलं तोवर निवळलं होतं. तिनं पोर मायच्या मांडीवर ठेवायला पुढं केलं. मायनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "माह्या हातात नको देऊ बाई," ती म्हणाली. "माह्या हातानं बरं होत नाही."

मी दारात उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. बहीण माझ्याकडे पाहत होती, मी तिची समजूत घालीन अशी तिची अपेक्षा असावी.

मी म्हणालो, "राहू दे, तिची इच्छा नाही तर." आणि पोर मी घेतलं.