तिकीट काढलेले गाव

वारसा हे मानवी आत्म्याचे अन्न आहे, असे त्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर छापले होते. दुसऱ्या पानावर ते गाव बदकाच्या यकृतासाठी प्रसिद्ध असल्याची माहिती होती.

बायको कुवेतच्या एका इस्पितळात नर्स, मी तिथल्याच प्रयोगशाळेत. पुस्तिका तिला एका फ्रेंच रुग्णाने दिली होती. अक्रोडाच्या बागा, नदी, जुने चर्च, शनिवारचा बाजार. आणि त्याच्या बहिणीच्या घरात आमच्यासाठी एक खोली. तोवर आमची प्रत्येक रजा कोकणात, कुणाच्या ना कुणाच्या लग्नात संपत असे. नव्वद साली बायको म्हणाली, यंदा जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही अशा गावी जाऊ.

अडचण सासऱ्यांची होती. त्यांचा दमा वाढला होता. तिने फोन केला.

"बाबा, म्हणत असाल तर तिकीट रद्द करते."

"काढलेलं तिकीट रद्द करू नये. जाऊन ये. ते चीज कसं लागतं ते सांग."

"आंबूस लागतं म्हणे."

"मग नको सांगूस."

सासऱ्यांची सगळी नोकरी एसटीच्या आरक्षण खिडकीत गेली होती. तिकीट फाडले की त्यांच्या लेखी माणूस गेला.

आम्ही निघणार त्याच्या आदल्या आठवड्यात इराकी फौजा आल्या. विमानतळ बंद, फोन बंद. बायको इस्पितळात जात राहिली. संध्याकाळी हवल्लीतल्या आमच्या घरात ती पुस्तिका उघडून बसे आणि चर्चपासून नदी किती लांब असेल, असे मला विचारी.

"वाटेत चौकी नसेल तर जवळच," मी म्हणे.

ती हसे, आणि पान उलटता उलटता थांबे. "बाबा रेडिओ ऐकत असतील. त्यांना सोसायचं नाही." स्वतःची काळजी तिने कधी बोलून दाखवली नाही.

ऑक्टोबरात बसने बगदाद, तिथून अम्मान, मग विमानाने मुंबई करत आम्ही कोकणात तिच्या माहेरी पोचलो. दारात तिचा थोरला भाऊ उभा होता. त्याच्या डोक्यावर नुकते केस फुटू लागले होते. तिला सांगावे लागले नाही.

"दादा, माझ्या काळजीनं गेले का?"

"नाही गं. रेडिओवर कुवेत आलं की आवाज कमी करायचे. म्हणायचे, ती तिथं नाहीच. तिकीट काढलं होतं, म्हणजे फ्रान्सला पोचली. येणाऱ्याजाणाऱ्यालाही तेच सांगायचे."

"तुला तर तिकिटावरची तारीख माहीत होती."

"मला होती," दादा म्हणाला.

ती पडवीत बसून राहिली. थोड्या वेळाने शेजारच्या काकू आल्या.

"काय गो, फ्रान्सला जाऊन केवढी वाळलीस. खायला मिळत नाय काय तिकडे?"

दादाने माझ्याकडे पाहिले. मी बायकोकडे. बापाने गावभर सांगितलेले तिला मोडवेना.

"मिळतं की. पाव, चीज, अक्रोड." मग तिने नदी सांगितली, चर्च सांगितले, शनिवारचा बाजार सांगितला. आवाज कुठेही हलला नाही. काकूंना फक्त एक शंका होती.

"आणि भात?"

"भात नाही."

"मग वाळशील नायतर काय."

हवल्लीत ते दोन महिने आम्ही रोज भातच खाल्ला होता.