घाटकोपरच्या भिंतीवरची पंगत

रिक्षावाल्याने मला घाटकोपरच्या टेकडीच्या पायथ्याशी उतरवलं. "आगे नहीं जाएगा," म्हणाला. रंगाचे डबे आणि सांगलीहून आणलेलं भडंग सावरत मी चढू लागले. शाळेत मी मुलांना डोंगर काढायला शिकवते. तो चढायचाही असतो, हे दुसऱ्याच वळणावर कळलं.

वर वंदना उभी होती. आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो. नवरा गेल्यापासून ती वस्तीत जेवणाचे डबे देते, त्यावरच तिचं घर चालतं. तिला एचआयव्ही आहे. ती रोज गोळी घेते आणि माझ्यापेक्षा भराभर टेकडी चढते. तिच्या आजाराचं वस्तीत कुणालाच माहीत नव्हतं. कळलं तर डबे बंद होतील, ही तिची धास्ती.

तिथल्या एका संस्थेला नळाशेजारच्या भिंतीवर एचआयव्हीबद्दल चित्र हवं होतं. मी पंगत काढायला घेतली. केळीची पानं, भाताच्या मुदी, अळूचं फदफदं. एकत्र जेवल्याने हा संसर्ग होत नाही, एवढंच सांगायचं होतं. मजकूर शेवटी लिहायची माझी सवय, तीच नडली.

इथे कुणाचाही वाढदिवस असला की नाक्यावर बॅनर लागतो आणि त्यावर अर्ध्या वस्तीचे चेहरे असतात. लोकांना वाटलं, हेही तसलंच काहीतरी, आणि जो तो पंगतीत आपला चेहरा काढायला सांगू लागला. सगळ्यात आधी आले परबकाका, मालवणकडचे, जुने गिरणी कामगार, वंदनाचाच डबा खाणारे. त्यांना पहिलं पान हवं होतं आणि केस काळे. मागोमाग शेजारच्या वहिनी लग्नातला शालू नेसून आल्या. संध्याकाळपर्यंत पंगत भरली. मी अगदी खूश.

दुसऱ्या दिवशी खाली मजकूर लिहिला आणि नळावर सगळ्यांनी तो वाचला. मग एकेक जण कानाशी येऊन आपला चेहरा पुसायला सांगू लागला. वहिनींच्या मुलीचं लग्न जमायचं होतं. परबकाकांनी आधी भिंतीवरच्या आपल्या चेहऱ्याकडे, मग पांढऱ्या रंगाकडे बोट दाखवलं आणि चालू पडले. मी सगळे चेहरे पुसले. दुपारी भिंतीवर पानं वाढलेली होती, जेवायला कुणी नव्हतं. मला हसू आलं आणि संतापही आला.

वंदना डबे पोचवून आली. भिंतीकडे बघत राहिली.

"मला बसव तिथे," ती म्हणाली.

मी तिला डब्यांची आठवण करून दिली.

"माहितीये गं. बसव. आणि खाली लिही, हिला आहे."

मी तिचा चेहरा काढला आणि खाली तसं लिहिलं. संध्याकाळी नळावर सगळ्यांनी वाचलं. एकेक जण हंडा उचलून निघाला. परबकाका मात्र हलले नाहीत. भिंतीवर वंदना एकटीच जेवत होती.

"पानार बसलेल्या माणसाक एकट्याक सोडून उठाचा नसता (पानावर बसलेल्या माणसाला एकटं सोडून उठायचं नसतं)," ते हळूच म्हणाले. "माका परत बसय (मला परत बसव). तिच्या बाजूक."

या वेळी मी केस पांढरेच ठेवले. त्यांनी हरकत घेतली नाही.

चित्राने माणसं बदलतात, असं मी वर्गात छातीठोकपणे सांगत आले. सांगलीला परतल्यावर वंदनाचा फोन आला, तेव्हा यापुढे हे जरा जपून बोलायचं ठरवलं. तीन घरांनी डबा बंद केला होता. सांगताना ती रडली, मीही रडले. मग मी परबकाकांचं विचारलं.

"ते? रोज भांडतात," ती म्हणाली. "भिंतीवर एवढा भात वाढलाय, तेवढा डब्यात का नाही, म्हणून."