काळ्या माश्यांची सोयरीक

गल्लीत तिला सगळे मशीनवाली काकू म्हणायचे. शिलाई मशीन दुरुस्त करणं हा तिचा धंदा आणि दुकानामागच्या परसातल्या गावठी काळ्या मधमाश्या हा तिचा जीव. माश्या तापट, मध बेताचाच. धाकट्या दिरानं बाहेरून पिवळ्या, शांत स्वभावाच्या, भरपूर मध देणाऱ्या राण्या आणल्या. बघता बघता आसपासच्या माश्या पाळणाऱ्या सगळ्यांनीच आणल्या. काकू अडून बसली. "थंडीत माझ्याच माश्या तगतात," म्हणायची. शब्दाला शब्द वाढला आणि दिराशी बोलणं तुटलं.

मग माश्यांवर संशोधन करणारी एक बाई थोड्या माश्या तपासायला घेऊन गेली. काही दिवसांनी तिचा फोन आला. "काकू, तुमच्या माश्या अस्सल राहिल्या नाहीत. निम्म्या पिवळ्या वंशाच्या झाल्यात."

"अहो, मी एकही राणी विकत घेतली नाही!"

"राणी हवेत उडतानाच नरांशी जुळते. ते नर आसपासच्या कुणाच्याही पेटीतले असतात."

"म्हणजे पोरीनं परस्पर सोयरीक जमवली, आणि मला पत्ता नाही!" काकू हसली खरी, पण त्या दिवशी तिनं एकही मशीन उघडलं नाही.

बाईनं सांगितलं होतं, अस्सल वंश पुन्हा उभा करायचा तर एखाद्या अस्सल पोळ्यावर भागणार नाही. नात्यातल्या नात्यात जुळत गेल्या तर वंश खंगतो. निरनिराळी घराणी हवीत. काकू शोधत हिंडली. बंद गिरणीच्या धुराड्यात, अग्निशमन केंद्राच्या भिंतीत, टेकडीवरच्या पोकळ झाडात तिला पोळी सापडली, आणि तपासणीत ती अस्सल निघाली. त्यांच्या राण्या वाढवायला डोंगरापलीकडची दरी बरी होती, बाहेरचे नर तिथवर पोचत नसत. पण तिथे दिराच्या पिवळ्या माश्यांच्या पेट्या होत्या.

काकू त्याच्या दारात उभी राहिली. "भाऊजी, दरीतल्या पेट्या हलवाल का?"

"इतकी वर्षं उंबरा चढली नाहीस वहिनी, आणि आता चढलीस ती माश्यांसाठी?"

"माझ्यासाठी यायची लाज वाटत होती."

जावेनं चहा टाकला. पुढच्याच आठवड्यात त्यानं पेट्या टेम्पोत चढवल्या, कुरकुर करतच.

पुढल्या वर्षी दरीतल्या बहुतेक पेट्या अस्सल निघाल्या, दोन भेसळीच्या. त्या दरीत ठेवून चालणार नव्हतं, पण काकूला त्यातल्या माश्या मारवेनात. दीर म्हणाला, "दे, मी नेतो."

"चावऱ्या आहेत हं."

"असू दे. आपल्या घरात सवय आहे."

त्यानं नेल्या, आणि पहिल्याच दिवशी डोळा सुजवून घेतला.