व्हर्लीन टब्जने लाइन थांबवली

अख्खी शिफ्ट लघवी दाबून तुम्ही कधी उभे राहिला आहात? नाही ना? मग गप्प बसून वाचा. अमेरिकेला न्याय शिकवणाऱ्या बायांची चित्रं आमच्या अलाबामातल्या गावच्या ग्रंथालयात टांगली आहेत. व्हर्लीन टब्ज त्यांत नाही. टांगणाऱ्यांना कोंबड्यांच्या कारखान्याचा वास सोसत नसेल.

त्या कारखान्यात मी तिच्या शेजारी उभी असायचे. आकड्यांना लटकलेल्या कोंबड्यांची लाइन समोरून सरकायची, आम्ही कापायचो. गोंगाटात शेजारणीचं बोलणं ऐकू यायचं नाही. संडासला जायचं तर मुकादम डॉइलची परवानगी. एकदा आमच्याच लाइनीवरच्या म्हाताऱ्या मिस ओपलनं ती मागितली. नाही म्हणाला. पुन्हा मागितली, पुन्हा नाही. शेवटी तिचे बूट भिजले. डॉइल तिच्या कानाशी येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "म्हातारे, उद्यापासून लंगोट बांधून ये!" आणि हसला मेला.

व्हर्लीन रविवारी पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दारावर उभी राहायची. आमच्या दारावरच्या बाया प्रार्थनेत बोलत नाहीत, हातानं खुणावतात. उजवा तळहात वर गेला की दार बंद. प्रार्थना संपेस्तोवर कुणी जागचं हलायचं नाही. लाइनीवरची प्रत्येक बाई लहानपणापासून ती खूण पाळत आलेली.

त्या दिवशी डॉइल हसत असतानाच व्हर्लीननं सुरी ठेवली आणि तळहात वर केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुऱ्या खाली. न कापलेल्या कोंबड्यांचा पुढे ढीग लागला. डॉइलला झक मारत यंत्र बंद करावं लागलं.

"काय चाललंय हे?"

"प्रार्थना."

"कसली?"

"मिस ओपल संडासात जाऊन, धुऊन येईपर्यंतची."

"कामावरून काढीन तुला!"

"काढ की. आधी बाजूला हो, तिला वाट दे."

झाला बाजूला. त्यानंतर आमच्या लाइनीवर कुणाला अडवायची त्याची छाती झाली नाही. व्हर्लीनला मात्र त्याच संध्याकाळी हाकललं, आणि आसपासच्या एकाही कारखान्यानं तिला दारात उभं केलं नाही. वर आमचे पास्टर तिलाच म्हणाले, "देवाची खूण कोंबड्यांत वापरलीस?"

"अडलेली बाई देवाला कळते, पास्टर. तुम्हालाच कळत नाही."

तिला चर्चच्या दारावरूनही काढलं.

तिचं चित्र लावून आता मला खूश करू नका. तुमच्या हाताखाली बाया राबत असतील, तर लघवीला जायला त्यांना कुणाचं तोंड बघावं लागतं ते उद्या कामावर गेल्या गेल्या बघा. आणि ते बंद करा.