खालच्या बाकावरचा इल्मो

आमच्या इमारतीच्या तळघरात शुक्रवारी संध्याकाळी सहा ते सात पुरुषांचा सौना, म्हणजे गरम वाफेत बसायचा तास, असतो. बाकांवर सहाच जणांची जागा, आणि यादी माझ्याकडे. त्या यादीत नाव लागायला दोन-दोन वर्षं थांबावं लागतं, म्हणून माणसं आपला शुक्रवार जपतात. एकटा इल्मो रिंताला असा, की तो तिथे फोन घेऊन यायचा.

फोन उष्णतेने बिघडू नये म्हणून त्याने एक जेवणाचा डबा शोधला होता. त्यात बर्फाच्या पिशव्या, पिशव्यांच्या मधे फोन. आम्ही वरच्या बाकावर घाम गाळतोय आणि हा खालच्या बाकावर, जिथे लहान पोरांना बसवतात तिथे, डबा मांडीवर घेऊन बसलेला. डबा वाजला की झाकण उघडून अंगठा चालवायला सुरुवात. मला त्याची किळस यायची. पासष्टीच्या कौनोने तर एकदा विचारलंच, "काय रे इल्मो, आज बर्फात काय घातलंयस, मासे?" इल्मो हसला. तो सगळ्यालाच हसायचा, तेही माझ्या डोक्यात जायचं.

मी याला एकोणीस वर्षं ओळखतो. आमच्या वर्तमानपत्रात तो बातमीदार होता आणि मी संपादक, त्याच्या बातम्या कापायचो. कागद माझ्या टेबलावर ठेवून तो दर वेळी विचारायचा, "बरं झालंय?" मी वर न बघता म्हणायचो, "चालेल." चांगलं म्हटलं की बातमीदार चढून बसतात, असं माझं मत होतं. मग मी निवृत्त झालो, केक कापला. पुढच्या वर्षी त्याला आणि आणखी अकरा जणांना घरी पाठवलं.

तेव्हापासून हा इंटरनेटवर मजकूर लिहितो. कसला मजकूर? कुत्र्यांची जीवनसत्त्वं. छपराचा रंग. पोर्तुगालातलं एक हॉटेल, जिथे याने पाऊल ठेवलेलं नाही आणि बहुधा मालकानेही ठेवलेलं नसावं. कोण वाचतं हे, असं मी विचारलं तर म्हणाला, वाचत कोणी नाही, फक्त शोधलं की सापडायला हवं. असल्या धंद्यात माणूस पाट्या टाकील, तर हा तेही करत नाही. कुत्र्याच्या गोळ्यांवरही तीनदा खाडाखोड करतो. त्याचा मला जास्तच राग येतो.

कामं एका फळ्यावर येतात, तोही इंटरनेटवरच. आठवडाभर काहीच नाही, मग अचानक फोनवर घंटा. जो पहिला बोट लावील त्याचं काम. लागोपाठ तीन कामं सोडली की नावापुढचे पसंतीचे तारे कापतात आणि खालच्या यादीत टाकतात, तिथे घंटा वाजतच नाही म्हणे. म्हणून हा माणूस जंगलात बेरी वेचायला जात नाही, बहिणीकडे जेवायला जात नाही, केस कापायलासुद्धा घाबरतो. लोकांत बसतो तो फक्त शुक्रवारचा तास, आणि तोही डब्यासकट. एके काळी महापौराला घाम फोडणारा माणूस असा घंटेला बांधलेला बघवत नव्हता. पण मला कीव आली असं कोणी समजू नये. मी इमारतीच्या देखभाल कचेरीला पत्र लिहिलं.

चांगलं कडक लिहिलं. एक रहिवासी सौनात जेवणाच्या डब्यातून फोन आणतो, सबब दारावर सूचना लावावी, सभ्य पण लाज वाटेल अशी. सूचना मोडणाऱ्याचं नाव यादीतून काढायचा अधिकार मला असावा, हेही मागून घेतलं.

तीन आठवड्यांनी सूचना आली. कचेरीकडून आजवर आलेले कागद वाचून माझे दात दुखले आहेत, पण हा कागद वाचून मी खुर्चीत बसलो. दहा ओळी, एक शब्द जास्त नाही. शेवटी लिहिलं होतं: "फोन बाहेर ठेवा. आत बसलेल्यांना तुम्ही अख्खे हवे आहात." कौनोला मी म्हणालो, हे सौनात बसलेल्या माणसाने लिहिलंय. शुक्रवारी मी ती दारावर लावली आणि मुद्दाम तिथेच उभा राहिलो.

इल्मो टॉवेल गुंडाळून, डबा घेऊन आला. वाचायलाही थांबला नाही.

"वाच की," मी म्हणालो. "जरा शीक."

"वाचायला कशाला हवी, साहेब? मीच लिहिलीय. गेल्या शुक्रवारी, तुमच्या पायांशी बसून."

मला आधी कळेचना. मग त्याने सांगितलं. कचेरीने काम फळ्यावर टाकलं होतं आणि खाली माझं पत्र जसंच्या तसं चिकटवलं होतं.

"नाव नव्हतं," तो म्हणाला. "पण 'सबब' अजून कोण लिहितं?"

"स्वतःबद्दल आहे हे कळूनही घेतलंस?"

"आधीची दोन सुटली होती."

त्याने डबा बाहेरच्या खुंटीला अडकवला आणि आत आला. पहिल्यांदाच वर चढून माझ्या शेजारी बसला. कौनोने शेगडीच्या तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. इल्मोचे खांदे हळूहळू खाली आले, त्याने डोळे मिटले. पाचेक मिनिटं तो खरोखरच आमच्यात होता.

मग बाहेर डबा वाजला. तो हलला नाही. पुन्हा वाजला. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी दगडांकडे बघत राहिलो. तिसऱ्यांदा वाजल्यावर तो उतरला.

"यापुढे माझी जागा दुसऱ्याला द्या, साहेब. उगीच अडवून ठेवलीय." दार धरून तो थांबला. "सूचना बरी झालीय?"

"चालेल," मी म्हणालो.

दार लागलं. पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या मजल्यावरचा दंतवैद्य आला. दारात थांबून त्याने सूचना वाचली आणि विचारलं, फार छान लिहिलीय, कोणाची? मी म्हणालो, कचेरीची असेल.