खांदा बापाचा, घोटा माझा

माझा घोटा कुठेही मुरगळतो. खड्ड्यात मुरगळला तर माणूस महापालिकेला शिव्या तरी घालतो. माझा मॉलच्या गुळगुळीत लादीवर मुरगळतो. बायको म्हणते, "दारू न पिता असं पडणारे तुम्ही एकटेच."

हसण्यावारी नेलं असतं. पण बाप गेला आणि करावे गावच्या जत्रेत देवीच्या पालखीला खांदा द्यायचा त्याचा मान माझ्यावर आला. पालखी अनवाणी, नाचवत न्यायची. काकाने बजावलं, "यंदा नाय लावलास तं खांदा चुलत घराला जाईल. मंग परत नाय येनार."

म्हणून सीवूड्सच्या फिजिओथेरपिस्ट बाई. त्या एका हाताने टाच धरायच्या, दुसऱ्याने घोट्याचं हाड हळूहळू मागे रेटायच्या. उठलो की पाय पिसासारखा. "सांधा मी मोकळा करते," त्या म्हणायच्या, "पण आवरून धरायला स्नायू लागतात. घरी एका पायावर उभे राहता ना?"

"राहतो की," मी म्हणायचो. पाय इतका हलका वाटत असताना बगळ्यासारखं कोण उभं राहील?

जत्रा तोंडावर आली तसा जीव घाबरा झाला. रंगीत तालीम म्हणून सोसायटीच्या पार्किंगमध्ये रिकामा सिलिंडर खांद्यावर घेऊन पालखीची पावलं टाकायला गेलो. घोटा वळला. मी एकीकडे, सिलिंडर गडगडत वॉचमनच्या खुर्चीखाली. वॉचमन उडी मारून गेटबाहेर.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सूज बघितली. "काय उचललंत?"

"सिलिंडर. पण रिकामा होता."

"तो पण? डोक्यासारखाच?"

मी गयावया केली. "मॅडम, एक दिवस टिकला तरी चालेल हो. पट्टा बांधून?"

"पट्टा बांधून चाला. नाचणं नाही."

तिथूनच काकाला फोन लावला. पट्ट्याचं नाव काढताच तो तडकला, "आरं, देवीचे खांद्याखाली पायात काय नसतं! सांग, तू का चुलत घरचा पोर?"

मी फोनवर हात ठेवला. बाई म्हणाल्या, "त्या पायावर उभे राहून दाखवा."

राहिलो. घोटा थरथरायला लागला, मी भिंत धरली. सोडून बघितली. पुन्हा धरली.

"बोल ना!" काका ओरडत होता.

"त्यालाच द्या," मी म्हणालो.

बाईंनी मला बसवलं आणि टाच पुन्हा हातात घेतली. आता काय उपयोग, असं ओठांवर आलं होतं. पण टाच काही मी सोडवून घेतली नाही.